काटकसरीला लागायचंय? मग आधी काटकसरीचं सामान घेऊ नका

काटकसरीने राहायचं ठरवल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं तर खरेदी. हसू नका, खरंच सांगते. एकसारख्या काचेच्या बरण्यांचा सेट, सुती पिशव्या, बांबूचे टूथब्रश, स्टीलचे स्ट्रॉ (मी स्ट्रॉने काहीही पीत नाही), आणि खर्च लिहायला जाड कागदाची एक देखणी डायरी. घरात तेव्हा जॅमच्या आणि मधाच्या मिळून अकरा रिकाम्या बाटल्या होत्या, नंतर मोजल्या मी. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही आधीचा मसाला डब्यात पडून असताना.

तर हे सगळं नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय, आणि क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतात.

पायरी १. महिनाभर फक्त लिहा, काहीही बदलू नका

जुन्या वहीची मागची पानं चालतील, फोनमधलं साधं नोट्सचं अ‍ॅप पण चालेल. प्रत्येक खर्चापुढे किती गेले हे तर लिहायचंच पण त्यापुढे दोन शब्द अजून लिहायचे, का घेतलं. "संपलं होतं", "तुटलं", "कंटाळा आलेला", "सेल होता", "तिच्याकडे बघून". बस. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत आणि खोटं लिहायचं नाही, ही वही कोणाला दाखवायची नाहीये. माझ्या पहिल्या महिन्यात "रात्री झोप येत नव्हती" हे कारण पाच वेळा आलं. मग मी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले, आणि काटकसरीचा तेवढा भाग तिथेच निकाली निघाला, त्यासाठी मनाचा निग्रह वगैरे काही लागला नाही.

आणि हो, क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलत असाल किंवा दोन-तीन हप्ते एकदम चालू असतील तर ते आधी. त्या व्याजापुढे दिवे विझवून वाचवलेले पैसे म्हणजे काहीच नाही. "बिनव्याजी" हप्त्यात सुद्धा प्रोसेसिंग फी किती ते बारीक अक्षरात बघा.

पायरी २. घरातलं मोजा

सगळं घर एकदम काढायला बसू नका, रात्री बारा वाजता पलंगावर ढीग आणि झोपायला जागा नाही अशी गत होते. रोज एक खण. कात्र्या किती, चार्जर किती, पेनं किती, अर्धवट वापरलेले शांपू किती. हे टाकायला नाही मोजायचं, हे लक्षात ठेवायला मोजायचं. आपण बऱ्याचदा घेतलेली वस्तू परत घेतो कारण ती आहे हेच आठवत नाही.

मग एक नियम: जे उघडलंय ते संपेपर्यंत त्या जातीचं दुसरं घरात येणार नाही. साबण, क्रीम, वह्या, सगळं. "ठेवणीतलं" म्हणून जपलेलं पण वापरायला काढा. चांगला टॉवेल पाहुण्यांसाठी कपाटात आणि आपण विरलेल्याने अंग पुसतोय, तोवर त्या चांगल्या टॉवेलला घडीवर पिवळी रेघ पडलेली असते.

पिशव्यांचं तर ऐकाच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये एक अभ्यास केला होता, त्यात नेहमीच्या सुती पिशवीची दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला फक्त हवामानबदलाचा हिशोब धरला तरी ती ५० हून जास्त वेळा वापरावी लागते, आणि पाणी, जमीन, हवा असे सगळे परिणाम धरले तर ७,००० हून जास्त वेळा. म्हणून काय प्लास्टिकची घ्या असं नाही. पण तुमच्याकडे आधीच सहा पिशव्या असतील तर सातवी "पर्यावरणपूरक" नाही, ती फक्त सातवी पिशवी आहे. त्यावर झाडाचं चित्र छापलेलं असलं तरी.

पायरी ३. थांबण्याची यादी

हे या सगळ्यातलं सगळ्यात कामाचं. काही घ्यावंसं वाटलं की घ्यायचं नाही, नाही पण म्हणायचं नाही, यादीत लिहायचं. तारीख, वस्तू, आणि आत्ता त्यावाचून काय अडलंय ते. लहान वस्तूला एक आठवडा, मोठीला महिना. महिन्यानंतर पण हवीशी वाटली तर खुशाल घ्या, उगाच मन मारायचं नाही. माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त ओळी मी स्वतःच खोडल्यात, आणि काही तर वाचून प्रश्न पडतो की हे मी कशासाठी लिहिलं होतं, "फोल्डिंग फुटरेस्ट"??

हे एवढं चालतं कारण दुकानाचा सगळा डाव घाईवर असतो. "फक्त २ शिल्लक", उलटं धावणारं घड्याळ, खोडलेली मोठी किंमत आणि शेजारी लाल रंगात लहान किंमत. ती खोडलेली किंमत तिथे कशाला असते? तुमच्या डोक्यात तो आकडा आधी बसावा म्हणून, मग दुसरा आपोआप स्वस्त वाटतो. तीन साईझ ठेवतात त्यातला मधला बहुधा मोठ्याच्या इतका जवळ ठेवलेला असतो की तुम्ही म्हणता "थोडेच जास्त देऊन मोठाच घेऊ". मोफत डिलिव्हरीला थोडेच कमी पडतायत म्हणून नको ती वस्तू टाकणं तर सगळ्यांनी केलंय. महिनाभर यादीत पडलेल्या वस्तूवर यातलं एकही चालत नाही. ५० टक्के सूट मिळाली म्हणून नको असलेली वस्तू घेतली तर ५० टक्के वाचले नाहीत, ५० टक्के गेले, हे गणित लहान मुलाला कळतं पण आपल्याला सेलमध्ये कळत नाही.

अ‍ॅपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा. दर वेळी उठून पाकीट आणायला लागलं की तो आळसच तुमच्या कामाला येतो.

पायरी ४. दुरुस्ती, इथे जरा वेळ घालवू

माणूस नवीन वस्तू घेतो ती बऱ्याचदा जुनीतली एक क्षुल्लक गोष्ट बिघडली म्हणून. बॅगेची चेन घ्या. चेन ओढली की पुढे लागते आणि मागून उघडते, लोक म्हणतात चेन गेली, बॅग गेली. दात एकदा नीट बघा, ते सहसा शाबूत असतात. खरा गुन्हेगार म्हणजे तो सरकणारा स्लायडर. रोज सरकून सरकून त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीतली फट वाढते आणि मग तो दातांना एकमेकांत दाबू शकत नाही. स्लायडर पूर्ण सुरुवातीच्या टोकाला न्या. साधी पक्कड घ्या. स्लायडरच्या मागच्या बाजूच्या कडा, आधी डावी मग उजवी, हलकेच दाबा, इतकं हलकं की दाबलं का नाही अशी शंका यावी. चेन ओढून बघा. नाही जमलं तर अजून थोडं. पहिल्या वेळेला मी इतक्या जोरात दाबलं की कट् आवाज आला आणि स्लायडरचे दोन तुकडे हातात, कारण तो ओतीव धातू वाकतो कमी आणि तुटतो जास्त. मग शिवणाच्या सामानातला नवीन स्लायडर आणून बसवावा लागला. दुसऱ्या बॅगेला जमलं, ती बॅग अजून वापरात आहे. चेन नुसती जड चालत असेल तर दातांवरून मेणबत्ती नाहीतर पेन्सिलचं शिसं फिरवा, तेल नको, कापडाला डाग पडतो.

बटण लावताना बटणावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवा आणि तिच्यावरून टाके घाला. काडी काढली की दोरा थोडा सैल होतो, मग बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे देऊन गाठ. याने बटणाला छोटी मान तयार होते, जाड कापडावर ओढ बसत नाही आणि बटण परत तुटत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, वर्षानुवर्षं मी बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवायचे आणि महिन्याभरात परत तेच काम.

सुरुवातीला एवढंच सामान पुरतं: सुईदोरा, एक स्क्रूड्रायव्हर बदलत्या टोकांचा, पक्कड, चांगला गोंद. तेही आधी शेजारी माग, मग घे. काय उघडायचं नाही ते पण सांगते: मायक्रोवेव्ह. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर सुद्धा जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो. फुगलेली फोनची बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. गॅसची नळी, गाडीचे ब्रेक, हेल्मेट, वायरिंग, औषधं, इथे काटकसर म्हणजे मूर्खपणा.

एकट्याने जमत नसेल तर जवळपास रिपेअर कॅफे भरतो का बघा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिला भरला आणि नंतर बऱ्याच देशांत पसरला, कल्पना साधी आहे, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि येणारे स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसून दुरुस्त करतात. नसेल तर चार ओळखीच्यांनी महिन्यातून एकदा असं बसायला काय हरकत आहे.

"पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, आता मुद्दाम तकलादू करतात" असं म्हटलं की लोक म्हणतात हे कटकारस्थानाचे किस्से. एक किस्सा तरी कागदोपत्री आहे. १९२४ मध्ये ओस्राम, फिलिप्स आणि इतर मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा करार केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं. त्याआधी १,५०० ते २,००० तास चालणारे बल्ब विकले जात होते. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! आता दुसरी बाजू पण खरी आहे, त्या जातीचा बल्ब जास्त टिकवायचा तर तो तेवढ्याच विजेत उजेड कमी देतो, त्यामुळे सगळाच बदमाषपणा होता असं म्हणता येत नाही. पण जास्त टिकला म्हणून दंड, हे काही ग्राहकाच्या भल्यासाठी नव्हतं एवढं नक्की.

पायरी ५. वीज आणि पाणी, आकडे बघून

इथे लोकांचं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चालतं. दिवसभर खोलीतला दिवा बंद कर म्हणून घरात भांडणं, आणि आंघोळीला कढत पाण्याची धार चालू. हिशोब करा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण पाव युनिट वीज लागते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यात २९ तास जळतो. म्हणजे तापवणं आणि थंड करणं, हीच वीज खाणारी कामं. गीझर, एसी, हीटर, फ्रिज, इस्त्री. आधी तिथे बघा, दिव्यांचं नंतर. पाणी थोडं कोमट घेतलं, बादली थोडी कमी भरली तर दिव्यांवरून होणारी आठवड्याची भांडणं वाचतील.

स्वयंपाकात झाकण ठेवा, आणि उकळी फुटली की आच कमी करा. पाणी एकदा उकळायला लागलं की आच मोठी ठेवून ते जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जास्त होते. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा अडकवून दार लावा आणि कागद ओढा, सहज निघाला तर त्या जागी रबर ढिलं झालंय आणि गारवा बाहेर जातोय. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कधीकधी नुसती घाण असते.

बंद दिसणारी उपकरणं प्लगमध्ये राहिली तर थोडी वीज खात राहतात. एक वॅट वर्षभर चालू म्हणजे पावणेनऊ युनिट. एका उपकरणाचं काही नाही, पण घरात अशी दहा-बारा असतात, तर एक स्विचवाला बोर्ड आणि झोपताना एक बटण.

फ्लशची टाकी गळते का ते ओळखायची एक छान युक्ती आहे. टाकीत खायचा रंग थोडा टाका, वीस मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. ही गळती ऐकू पण येत नाही आणि दिसत पण नाही, म्हणून ती महिनोन्महिने चालते.

पायरी ६. स्वयंपाकघरातलं वाया जाणं

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलांतून नाही, लग्नांतून नाही, घरांतून. तुमच्या माझ्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून.

फ्रिजमध्ये एक कप्पा "आधी हे संपवा" म्हणून ठेवा, पुढचा, डोळ्यासमोरचा. नवीन आणलेलं मागे आणि जुनं पुढे. सफरचंद, केळी, टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून वेगळं ठेवा. कांदे बटाटे पण एकत्र नकोत. पाकिटावरची तारीख नीट वाचा, "या तारखेपर्यंत उत्तम" म्हणजे त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होईल, विष होणार नाही. "या तारखेपर्यंतच वापरा" असं असेल तर मात्र ऐकायचं. खरेदीला पोटभर जेवून जा, आणि किंमत पाकिटाची नाही, १०० ग्रॅमची बघा. मोठं पाकीट स्वस्त पडतं पण संपलं तरच.

उरलेल्या सालींचं खत करायचं असेल तर ओल्याच्या दोन-तीन पट सुका कचरा टाका, सुकी पानं, फाडलेला पुठ्ठा. वास येतोय म्हणजे ओल जास्त झालीये, अजून सुकं टाका आणि हलवा. महागडा डबा लागत नाही, भोकं पाडलेली जुनी बादली चालते.

पायरी ७. घ्यायचंच असेल तर

घ्या ना, साधू थोडीच व्हायचंय. पण आधी मागून बघा, मग वापरलेलं बघा, मग नवीन. शिडी, ड्रिल, तंबू, मोठी सूटकेस ह्या वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टी, प्रत्येक घरात एक कशाला.

किमतीला वापराने भागा. तिप्पट किमतीचे बूट चौपट टिकले तर ते स्वस्त. पण महाग म्हणजे टिकाऊ असं पण नसतं, ब्रँडची किंमत बऱ्याचदा जाहिरातीची असते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी गुण छापावे लागायला लागले. आपल्या दुकानात ते नसले तरी तेच प्रश्न आपण विचारू शकतो: हे उघडतं का, स्क्रू आहेत का सगळं चिकटवलेलं, सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि त्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या किती. विक्रेता चुळबूळ करायला लागला तर उत्तर मिळालं म्हणायचं.

फोनच्या बाबतीत तर त्याच्यामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, वापरताना नाही. म्हणून दोन वर्षांचा फोन चार वर्षं वापरला की झालं, त्यापेक्षा मोठं काही करता येत नाही. बॅटरी उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, रोज शंभर टक्के भरून रात्रभर लावून ठेवण्यापेक्षा ८० च्या आसपास काढा. बॅटरी गेली तर बॅटरी बदला, फोन नाही.

"रिसायकल होतं हो ते" यावर फार विसंबू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभराच्या हिशोबात, २०१५ पर्यंत तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं होतं. आणि "कंपोस्टेबल" लिहिलेले बरेच कप-चमचे फक्त कारखान्यातल्या ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेतच कुजतात, तुमच्या बादलीत ते वर्षानंतर पण तसेच सापडतील. मला सापडले.

पायरी ८. घरच्यांशी

सगळ्यात जास्त लोक इथे आपटतात. नवीन नवीन उत्साहात आपण नवऱ्याची जुनी मासिकं, आईची डब्यांची रास, मुलाची खेळणी "कमी" करायला निघतो. नका करू. दुसऱ्याचा खण उघडायचाच नाही. आपला खण, आपले कपडे, आपली यादी. मी एकदा आईचे दोन झाकणं हरवलेले डबे न विचारता देऊन टाकले, झाकणं तिने दुसरीकडे जपून ठेवली होती, आठ महिने ऐकतेय.

भेटवस्तूंचं आधीच बोलून घ्या, कार्यक्रमाच्या दिवशी तत्त्वज्ञान सांगायचं नाही. "आम्हाला वस्तू नको, एक दिवस मुलांना घेऊन जा" असं सांगितलं तर लोकांना बरं वाटतं, आणि मिळालीच वस्तू तर हसून घ्यायची, वापरायची नाहीतर ज्याला लागेल त्याला द्यायची. मित्रांना कंजूष वाटू नये म्हणून बाहेरचं भेटणं बंद करायचं नाही, फक्त दर तिसऱ्या वेळेला घरी बोलवायचं. आणि तुमचे आकडे कोणी विचारल्याशिवाय सांगू नका, पहिले सहा महिने तरी.